सोजरबाईच्या ठोकळ्यातला पूर

टोपी

सगळ्या तळ्यात सोजरबाईच्या टोळीचा ठोकळा उंच होता. का उंच होता, ते फक्त सोजरबाईला, तिच्या टोळीला आणि ठोकळ्यावरच्या हरळीला ठाऊक होतं.

ठोकळा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. एकोणीसशे त्र्याहत्तरचा उन्हाळा. वरवंडच्या अलीकडचं हे जुनं तळं कोरडं ठक्क पडलं होतं आणि दुष्काळी कामावर आलेली माणसं त्यातला गाळ काढून बांधावर टाकत होती. मजुरी मापावर. प्रत्येक टोळीनं आपल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक ठोकळा न खणता सोडायचा. शनिवारी ओव्हरशिअर येणार, ठोकळ्याला टेप लावणार. ठोकळा जेवढा उंच, खड्डा तेवढा खोल. सरकारी हिशेब इतका सरळ होता की त्यात हात घालावासा कुणालाही वाटला असता.

सोजरबाईनं हात असा घातला : ठोकळ्याचा वरचा थर हरळीसकट अलगद कापून बाजूला ठेवायचा. खाली खड्ड्यातली ओली ढेकळं वीतभर रचायची, पायानं चेपायची, कडा तासायच्या. मग हरळीची टोपी परत वर ठेवायची आणि तिला आपल्या वाटणीचं तांब्याभर पाणी पाजायचं, म्हणजे ती मरत नाही.

सोजरबाई याला लबाडी म्हणत नव्हती. तिची पाठ म्हणायची, छातीइतकं खणलं. टेप म्हणायची, जेमतेम कमरेच्या वर. पाठ तिची स्वतःची होती आणि टेप सरकारची. तिनं पाठीवर विश्वास ठेवला.

आणि एका सोमवारी या टोपीवर तिचा भाचा येऊन बसला.

नळी

"जयभीम, आत्या."

"जयभीम. ऊठ तिथनं."

बन्सी उठला नाही. हा तिच्या धाकट्या भावाचा मुलगा, भीमेपलीकडच्या वडगाव रासाईचा. पुण्यात दगडमातीचं शिकला, आणि मग उत्तर ध्रुवाजवळच्या कुठल्याशा बेटावर दोन वर्षं राहून डॉक्टरेट घेऊन आला. तिथून आल्यापासून त्याला ऊन सोसत नव्हतं. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून तो मांडीवर एक लांब लोखंडी नळी घेऊन बसला होता.

"नळ बसवतो काय तळ्यात?" सोजरबाईनं विचारलं. "पानी कुठंय?"

झुंबरबाई घमेलं घेऊन तिथंच थांबली. झुंबरबाई पाटलांच्या भावकीतली. दुष्काळानं तिला सोजरबाईच्या टोळीत आणून बसवलं होतं. पहिला आठवडा ती घरून आपला तांब्या आणायची. आता सोजरबाईच्याच मडक्यातलं पाणी प्यायची, फक्त आधी डावीकडं-उजवीकडं बघून घ्यायची.

"ह्योच का तुमचा बर्फातला भाचा?"

"ह्योच."

"काय करत हुता वं तिकडं?"

"चिखल काढत हुता."

"आन् हितं?"

"चिखलच काढनार, मामी," बन्सी म्हणाला.

झुंबरबाईनं घमेलं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "मंग आमाला बी न्या की बर्फात. तुमी नळीनं काढता, आमी घमेल्यानं काढू. काम लवकर उरकंल."

बन्सीनं मग सगळ्यांना समजावून सांगितलं. तिकडच्या तळ्यांवर वर्षातले कितीतरी महिने बर्फाचं झाकण असतं. उन्हाळ्यात डोंगरावरचं बर्फ वितळतं, पाणी भरड माती घेऊन येतं. हिवाळ्यात झाकण बंद, मग पाण्यातली पिठासारखी बारीक माती सावकाश तळाला बसते. एक भरड रेघ, एक बारीक रेघ, झालं एक वर्ष. बर्फाला भोक पाडायचं, नळी तळात घुसवायची, वर्षं वर काढायची.

"भाकरीची चवड असते ना, तसं. खालची भाकरी आधीची, वरची आत्ताची."

"आन् खरकटं?" म्हाळूआबांनी विचारलं. टोळीत तेच सगळ्यात म्हातारे.

"खरकटं सापडलं तर लई चांगलं, आबा. त्यावरूनच कळतं कोण जेवलं."

तिकडच्या रेघांत काही वर्षं फार थंड होती. त्याच वर्षांत इकडं पाऊस पडला होता की तळं आटलं होतं, हे बन्सीला पाहायचं होतं. त्यासाठी त्याला वरपासून खालपर्यंत कुणी हात न लावलेला गाळ हवा होता. आणि अख्ख्या तळ्यात न खणलेलं असं काय उरलं होतं? ठोकळे.

"हाच घेतो. सगळ्यात उंच हाय."

"ह्यो नको," सोजरबाई म्हणाली. "ह्यो कच्चा हाय. गिताबाईच्या टोळीचा घे, लई गुणाचा ठोकळा."

"उंच म्हंजी जास्त वर्षं, आत्या."

आणि त्यानं नळीवर पहिला हातोडा घातला. सोजरबाईला तो घाव कुठं बसला ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पूर

नळी उभी चिरून उघडल्यावर बन्सी नाक टेकेल इतका तिच्यावर वाकला.

वर हरळीची मुळं, मग नीट रेघा. त्याखाली वीतभर नुसता गोंधळ : काळी ढेकळं, शिंपल्यांचे तुकडे, वरचं खाली, खालचं वर. त्याच्याखाली पुन्हा नीट रेघा.

"आत्या," तो कुजबुजला, "केवढा पूर आला असंल गं हितं!"

सोजरबाईनं नळीकडं पाहिलं. तिला त्या पुरात ढेकळं चेपणाऱ्या भागुबाईच्या टाचेचा ठसासुद्धा ओळखता आला असता.

"एका पावसात वीतभर गाळ! वरच्या रेघांवरून बघितलं तर साठेक वर्षं झाली असतील. कुणाच्या आठवणीत हाय का?"

टोळीनं सोजरबाईकडं पाहिलं. पलीकडच्या कामावरची एक टोळी गेल्याच महिन्यात ठोकळा वाढवताना सापडली होती. सगळ्यांची नावं मस्टरवरून गेली, आणि त्या बायका आता रोज रस्त्यावर उभ्या राहून जाणाऱ्या ट्रककडं बघत बसतात. सोजरबाई मुकादम. तिच्या शब्दावर ही माणसं वीतभर वर चढली होती. खाली आली असती तर सगळी एकदम आली असती.

तेवढ्यात म्हाळूआबांनी घसा साफ केला.

पुराचे साक्षीदार

म्हाळूआबा : आलता की पूर. लई दांडगा. मी तवा एवढा हुतो. (हात गुडघ्याशी. दुसऱ्या दिवशी सांगताना कमरेशी.)

भागुबाई : आमची आजी सांगायची. बाभळीच्या शेंड्याला मासं लटकलेलं.

झुंबरबाई : आमच्या मामंजींची म्हस व्हाऊन गेली. गाभण हुती. खालच्या अंगाला सापडली तवा रेडकू संगं हुतं.

गिताबाई (दुसऱ्या टोळीची, हिला सोजरबाईच्या ठोकळ्यातलं काही माहीत नाही, पण मागं राहायचं नाही) : मासं न्हाई वं, सुसर. आमच्या चुलत्यानं बघितली.

बन्सी : कुठला महिना असेल?

भागुबाई : आखाड.

झुंबरबाई : भादवा.

म्हाळूआबा : दोनदा आलता.

एक न सापडलेला थर

(बुधवार या गोष्टीत नाही. त्या दिवशी टँकर आला, आणि टँकर आला की या तळ्यात कुणी कुणाशी नीट बोलत नाही.)

पूर वाढतो

गुरुवारी ओव्हरशिअर सायकल घेऊन आला. हौसराव नाव, यवतचा माणूस. छत्री आणि टेप यांच्याशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

"डॉक्टर, मी घरी तुमच्या पुराबद्दल बोललो," तो बन्सीला म्हणाला. "आमच्या आईलाही आठवतो. यवतच्या वेशीपर्यंत पाणी होतं म्हणाली."

सोजरबाईच्या हातातलं खोरं थांबलं. आपण पायानं चेपलेला पूर यवतच्या वेशीपर्यंत गेला, हे ऐकून तिला आधी धडकी भरली. मग, लाज वाटून घेत, थोडा अभिमानही वाटला.

"साहेब," बन्सी म्हणाला, "शनिवारी माप झालं की ठोकळा मधोमध कापू द्याल? नळीत नीट दिसत नाही. पुराचा थर समोरून बघायचाय, फोटो घ्यायचाय."

"अहो, मापाच्या वेळीच कापू! मलाही बघू द्या की पूर."

झालं. दोघे शिकलेले पुरुष खुशीत चहाला गेले, आणि सोजरबाई ठोकळ्याशेजारी जमिनीवर बसली. शनिवारी कुदळीच्या एका घावात सगळं उघडं पडणार होतं : हरळीची टोपी, ढेकळं, टाचा, आणि ती.

"रात्रीतनं पाडू या का?" भागुबाईनं विचारलं. "वाऱ्यानं पडला म्हनू."

"वारा कुठंय?"

"मंग बैलानं पाडला म्हनू."

"बैल समदे चारा-छावनीत हायेत, बाई."

खरकटं

शुक्रवारी दुपारी भाकरी खाऊन सगळे बांधाच्या सावलीला टेकले, तेव्हा बन्सी म्हाळूआबांच्या जवळ जाऊन बसला.

"आबा, त्या पुरानंतर लोकांचे हाल झाले असतील."

"हाल? काय इचारू नगा."

"सरकारनं खायला काय वाटलं?"

"कशाचं सरकार आन् कशाचं वाटप!"

"आज कामावर ही गोड सुकडी देतात, तसं?"

"छ्या! तवा कुठली आली सुकडी? ही आत्ताची थेरं."

"म्हंजी पुराच्या वेळी सुकडी नव्हती. नक्की?"

"घ्या लिहून. म्हाळूनं सांगितलं म्हनून."

बन्सीनं मान डोलावली, उठला आणि सोजरबाईला बाजूला घेऊन गेला. तिच्यासमोर त्यानं मूठ उघडली. तळहातावर काळ्या गाळात चिकटलेला एक पिवळट गोड खडा होता आणि त्याला दोन मुंग्या लागल्या होत्या.

"पुराच्या थरात सापडली, आत्या. साठ वर्षांपूर्वीची सुकडी. अजून खुसखुशीत हाय."

ढेकळं रचताना भागुबाई काहीतरी चघळत होती खरी. सोजरबाई खड्याकडं पाहत राहिली. मग तिनं पाहिलं, बन्सीचे ओठ दाबलेले होते पण खांदे हलत होते.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"काल संध्याकाळी सापडली."

"आन् मगाशी आबाला काय इचारत बसलास मंग?"

"तुमी चार दिवस मला सुसर दाखवत होता. माझी पण हौस होऊ दे की."

"मुडद्या!" ती म्हणाली आणि तिच्याही तोंडाला हसू फुटलं. ते टिकलं नाही. "कुनाला बोललास?"

"नाही. पण हा पूर मी लिहून बसलो असतो, आत्या. तिकडची माणसं ते वाचणार, त्यावर आणखी काही लिहिणार."

"वाचू दे की. त्यांचं काय जातंय?"

"माझं जातंय." तो आता हसत नव्हता. "दोन वर्षं बर्फावर झोपून मी एवढंच शिकलो, गाळात जे नाही ते म्हणायचं नाही."

"तुझं कागदावरचं जाईल. माझ्या बायांचं ताटातलं जातंय. उद्या कापनार हायेस ना ठोकळा? का न्हाई म्हननार हायेस?"

"मी नको म्हटलं तरी साहेब कापणार. त्यांना पूर बघायचाय."

भेग

बन्सीनं तिला नळीपाशी नेलं. नळीच्या काठावर त्यानं तांबड्या दोऱ्याची खूण बांधली होती.

"काढला त्या दिवशी गाळ इथवर होता. आता बघ."

गाळ दोऱ्यापासून तीन बोटं खाली गेला होता. कडेनं सुटून, भेगाळून, आखडून पडला होता.

"ऊन लागलं की गाळ आकसतो. तिकडं आम्ही म्हणून नळ्या ओल्या ठेवतो, नाहीतर वर्षं बारीक होतात. चार दिवसांत एवढा. तुमचा ठोकळा महिनाभर उन्हात उभा हाय."

सोजरबाई खाली वाकली. दोऱ्याला बोट लावलं, मग गाळाला. मग उठून सावकाश कमरेवर हात ठेवला.

"म्हंजी माझी पाठ खरं सांगत हुती."

"पाठ खरं सांगत होती. पूर खोटा होता."

"पूर वीतभर. आन् आकसला किती?"

"ठोकळा... चार-पाच बोटं असेल."

"मंग अर्धा पूर खरा म्हन की."

बन्सीनं कपाळाला हात लावला. "आत्या, तू तिकडं पाहिजे होतीस. माझ्या परीक्षकांना गुंडाळून ठेवलं असतंस."

नळीच्या अगदी खालच्या अंगाला त्यानं बोट ठेवलं. तिथं काळ्या गाळात उभ्या, वाकड्या पांढुरक्या रेषा होत्या, वरून खाली निमुळत्या होत गेलेल्या. त्या जुन्या भेगा होत्या, त्यात वाऱ्यानं भरलेली वाळू. तळं एकदा असंच आटलं होतं, कुणाच्या खापरपणज्याच्या काळात. याबद्दल टोळीत कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पूर तेवढे सगळ्यांना आठवत होते.

"तवा काय खाल्लं असंल?" ती म्हणाली.

"ते नाही सापडलं."

"आन् हे वरीस? ह्ये बी असंच दिसंल का?"

"दिसलं असतं. पण तुमी खणून बांधावर टाकताय. हे वर्ष तळ्यात राहणारच नाही."

"नगंच राहू दे. काय ठिवायचंय त्याचं?"

मग बन्सीनं आपलं म्हणणं मांडलं. उद्या साहेब यायच्या आत पूर काढून टाकायचा. ठोकळा जेवढा आहे तेवढा, टोपी जशीच्या तशी. तो साहेबांना नळी दाखवणार आणि आकसण्याची चार बोटं मागणार.

"आन् न्हाई दिली तर?"

"तर मापात कमी भरेल."

"महिन्याभराची मजुरी पुराच्या हिशेबानं घेतलीय. आता ठोकळा एकदम वीतभर बुटका झाला की त्यो इचारनार न्हाई, उंची कुठं गेली?"

ध्रुवावरून आलेल्या माणसानं डोक्यावरचा टॉवेल सोडून परत गुंडाळला.

टोळीचा थर

संध्याकाळी सोजरबाईनं टोळीला सांगितलं. सगळ्यात आधी झुंबरबाई बिथरली.

"मी न्हाई पूर काढू देनार. माझ्या मामंजींची म्हस हाय त्यात."

"झुंबरबाय, म्हस नव्हतीच."

"आता हाय. मी घरी सांगितलं, तर मामंजीच म्हनाले, व्हय, पांढऱ्या कपाळाची हुती."

"मी दोनदा आला म्हनून सांगितलं," म्हाळूआबा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले. "दोनदाचा एकदम एकदा बी न्हाई?"

"आबा, उद्या कापल्यावर पुरातनं भागुबाईची सुकडी बाहीर यील, तवा काय सांगनार? तिसऱ्यांदा आला म्हनून?"

भागुबाई खाली मान घालून बसली.

"मुकादम तुमी," शेवटी झुंबरबाई म्हणाली. "चढवला तुमी, उतरवा बी तुमीच. पर त्यो पोरगा बर्फातला. हितल्या उन्हाचं त्याला काय कळतंय?"

सोजरबाईला त्या रेषा आठवल्या, वाळूनं भरलेल्या. त्या पोरानं गाळात जे होतं तेवढंच सांगितलं होतं. एक जास्तीचा मासासुद्धा लटकवला नव्हता.

"सकाळी लवकर या," ती म्हणाली.

शनिवार

लवकर आले, पण हौसराव ओव्हरशिअर त्याहून लवकर आला. त्याला पूर बघायची घाई होती.

सायकल बांधावर दिसली तेव्हा हरळीची टोपी बाजूला ठेवलेली होती आणि निम्मी ढेकळं घमेल्यांत. भागुबाई ठोकळ्यावर चढलेली. तिला उतरताही येईना. म्हाळूआबांनी घमेलं पाठीमागं लपवलं, जणू घमेल्याला तळ्यात यायची बंदी होती.

ओव्हरशिअर खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. बन्सी नळी घेऊन पलीकडून धावत येत होता, पण लांब होता.

"हे काय चाललंय?"

सोजरबाईच्या मनात वारा, बैल, दोन्ही येऊन गेले. मग तिनं खोरं बाजूला ठेवलं.

"पूर काढतोय, साहेब."

"म्हणजे?"

"त्यो आमी घातला हुता. आता काढतोय. मुकादम मी हाय, काय लिहायचं ते माझ्या नावावर लिवा. बायांना म्याच सांगितलं."

बन्सी पोचला तो धापा टाकत. त्यानं नळी हौसरावाच्या पायाशी ठेवली, दोरा दाखवला, ऊन दाखवलं, ठोकळ्याच्या अंगावरच्या भेगा दाखवल्या. या मजुरांना महिनाभर माप कमी मिळत होतं, आणि त्यांनी ते चुकीच्या रीतीनं भरून काढलं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, असं तो म्हणाला. नळी त्यानं इतक्यांदा उचलून दाखवली की वरचा थर खाली पडला.

ओव्हरशिअर वाकला. दोऱ्यापासून गाळापर्यंत स्वतःची बोटं धरून पाहिली. मग उभा राहून त्यानं तळ्यावर नजर फिरवली. अख्ख्या तालुक्यात त्या उन्हाळ्यात बाभळीखेरीज काही हिरवं नव्हतं. आणि इथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक टोळीच्या प्रत्येक ठोकळ्यावर हिरवीगार हरळी डुलत होती.

त्यानं एक एक ठोकळा पाहिला. सगळ्या तळ्यातलं खणणं थांबलं होतं. गिताबाई आपल्या ठोकळ्यापुढं उभी राहून त्याला पाठीनं झाकायला बघत होती, आणि ठोकळा तिच्यापेक्षा रुंद होता.

हौसरावाच्या खिशात मस्टर होतं. त्यानं खिशाला हात लावला, तसाच ठेवला.

"किती बोटं म्हणालात, डॉक्टर?"

"चार धरायला हरकत नाही."

"वर कळवतो मी. तोवर चार बोटं धरीन." मग आवाज चढवून, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा, "पण खऱ्या ठोकळ्याला! माप मी थोड्या वेळानं घेणार आहे."

एवढं बोलून त्यानं छत्री उघडली, तळ्याकडं पाठ केली आणि बांधाकडं तोंड करून उभा राहिला.

"डॉक्टर, जरा इकडं या. तिकडं म्हणे सहा महिने रात्रच असते?"

बन्सीला आधी कळलं नाही. सोजरबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

"असते, साहेब," तो छत्रीशेजारी जाऊन उभा राहिला. "म्हणजे, अगदी सहा नाही, पण…"

"मग माणसं झोपतात कधी? सविस्तर सांगा."

दोघांच्या पाठीमागं तळं जागं झालं. हरळीच्या टोप्या उतरू लागल्या. ढेकळं धपाधप घमेल्यांत पडू लागली. कुणी हसू दाबत होतं, कुणी शेजारच्या टोळीला म्हणत होतं, अगं बया, तुमी बी? गिताबाईच्या ठोकळ्यातून दोन विती पूर निघाला. झुंबरबाई खोऱ्यानं आपली म्हैस ओढून काढत होती.

छत्रीखाली ओव्हरशिअरनं अस्वलांचं विचारून झालं होतं, बर्फाच्या घरांचं विचारून झालं होतं. आता त्याला सुचेना. त्याची मान किंचित मागं वळायला लागली.

"साहेब," सोजरबाई घाईघाईनं म्हणाली, "अजून इचारा की. त्या टोकाचे दोन ठोकळे राह्यलेत."

हौसरावानं मान सरळ केली.

"बरं, डॉक्टर," तो म्हणाला, "आणि तिकडं चहा कसा करतात?"